पाठ आहे की समजलंय?

यवतमाळ जिल्ह्यात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. शिकवणं हळूहळू अंगवळणी पडतं. समोरच्या मुलाला कितपत कळलं, हे ओळखणं मात्र वेगळंच काम आहे आणि ते कुणी शिकवत नाही. बी.एड.ला आम्हाला प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता करायला लावला होता. कोणत्या घटकाला किती गुण, सोपे प्रश्न किती, कठीण किती, हे चौकोन भरता येऊ लागले. पण बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाला ते उत्तर खरंच कळलंय का, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच बसत नव्हता. तो मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्याकडची मुलं अर्थशास्त्राला नवखी नसतात. कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर त्यांची घरं चालतात. अकरावीत दाखल होणारा मुलगा बापासोबत बाजार समितीत जाऊन आलेला असतो. खेडा खरेदीवाल्याचा काटा आणि बाजार समितीतला काटा यांत काय फरक पडतो, हे त्याला ठाऊक असतं. ओलावा जास्त निघाला की कट्टी लागते, चुकारा हातात पडायला दिवस जातात, कृषी केंद्राची उधारी दिवाळीपर्यंत थांबत नाही, हे सगळं तो घरात ऐकत वाढलेला असतो. आणि तोच मुलगा पेपर लिहायला बसला की पेन आणि शाई, चहा आणि कॉफी अशी उदाहरणं लिहितो. त्याची उत्तरपत्रिका वाचून तो वणीचा की पुसदचा, शेतकऱ्याच्या घरचा की नोकरदाराच्या, काही म्हणजे काही कळत नाही.

सुरुवातीच्या काळातली एक विद्यार्थिनी आठवते. मागणीचा सिद्धांत ती असा लिहायची की तपासणाऱ्याने पूर्ण गुण द्यावेत. विधान, गृहीतके, तक्ता, आकृती, अपवाद, सगळं जागच्या जागी. एकदा वर्गात सहज विचारलं, 'कापसाचा भाव वाढला तर सूतगिरणीवाला काय करेल?' ती गप्प राहिली. मग म्हणाली, 'मॅडम, हे पुस्तकात नाही.' मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो चाचणीत जेमतेम पास व्हायचा, तो म्हणाला, 'थांबन ना मॅडम. घरात गाठी असतीन तवर जुन्यावर चालवन, नाहीतर धागाच कमी काढन.' त्याला सिद्धांताची चार वाक्यं सलग लिहिता येत नव्हती. कागदावर ती पुढे होती, समजुतीत तो. दोघांनाही योग्य न्याय देईल असा प्रश्न माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून मी असे प्रश्न शोधू लागले.

पहिली वाट सापडली ती चुकीच्या उत्तरांत. चुकलेलं उत्तर लाल पेनाने खोडून पुढे जाण्याऐवजी मी ते एका वहीत उतरवून घेऊ लागले. काही वर्षांत लक्षात आलं की मुलं वाटेल तशी चुकत नाहीत. त्याच त्या चार-दोन जागी, त्याच पद्धतीने चुकतात. सगळ्यात मोठी चूक अशी: कापसाचा भाव पडला, म्हणून मागणी वाढली, मागणी वाढली, म्हणून भाव वाढला, भाव वाढला, म्हणून मागणी घटली. असं गोल गोल फिरत मूल शेवटी 'भाव आहे तिथेच येतो' असा निष्कर्ष काढतं. पुस्तकात मागणीतला विस्तार-संकोच आणि मागणीतली वृद्धी-ऱ्हास असा फरक दिलेला आहे. 'फरक स्पष्ट करा' म्हटलं की मुलं दोन रकाने आखून तो बिनचूक लिहितात. पण किंमत बदलल्यामुळे त्याच वक्रावर पुढे-मागे सरकणं वेगळं आणि दुसऱ्या कारणाने सगळा वक्रच सरकणं वेगळं, हे रकान्यांत लिहिता येणं म्हणजे वापरता येणं नव्हे.

मग मी फरक विचारणं सोडलं आणि घटना विचारू लागले. अलीकडचं उदाहरण देते. १९ ऑगस्ट २०२५पासून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केलं आणि नंतर ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्या वेचणीचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. प्रश्न असा ठेवला: या निर्णयाने देशातल्या कापसाच्या मागणीवर काय परिणाम होईल, आणि त्यानंतर शेतकरी बाजारात किती कापूस आणतील? पहिल्या पायरीवर बाहेरचा कापूस स्वस्त झाला, म्हणून इथल्या कापसाची मागणी प्रत्येक किमतीला कमी झाली, हा ऱ्हास. दुसऱ्या पायरीवर भाव उतरला, म्हणून शेतकरी माल रोखून धरतील. हा पुरवठ्यातला संकोच. दोन पायऱ्यांवर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. ज्याला कळलंय तो पायऱ्या सुट्या करतो. ज्याचं पाठांतर आहे तो दोन्हीकडे एकच वाक्य लिहितो. रकान्यांचा प्रश्न हा भेद कधीच दाखवत नव्हता.

पुरवठ्याच्या प्रकरणात साठा आणि पुरवठा हा आणखी एक फरक येतो. तो मला एका उत्तराने कायमचा पटवून दिला. २०२१-२२च्या हंगामात विदर्भात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ६,०२५ रुपये होता. पुढच्या वर्षी साहजिकच सगळ्यांना तसाच भाव येईल असं वाटलं. हमीभाव ६,३८० झाला होता, बाजारात आठ हजारांच्या आसपास मिळत होते, पण लोकांनी कापूस काढला नाही. उन्हाळा आला तरी गावोगाव घरांत कापूस भरलेला होता आणि भाव तर आणखी उतरत चालले होते. त्या वर्षी चाचणीत मी विचारलं, 'साठा जास्त असूनही पुरवठा कमी का असू शकतो? तुमच्या गावातलं उदाहरण द्या.'

एका मुलीने लिहिलं होतं: आमच्या घराला दोन खोल्या आहेत. एकीत कापूस छतापर्यंत भरला आहे. दुसरीत स्वयंपाक आणि आजी. आम्ही सगळे ओसरीत झोपतो. कापसात किडे झाले आहेत, लहान भावाच्या अंगाला खाज सुटते. बाबा म्हणतात दहा हजार झाल्याशिवाय काढायचा नाही. आई म्हणते विकून टाका. हा साठा आहे. पुरवठा अजून झाला नाही, कारण बाबांची अपेक्षा आजच्या भावापेक्षा जास्त आहे.

व्याख्या तिने लिहिलीच नव्हती. पण साठा म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, दोहोंच्या मध्ये किंमत आणि भविष्याची अपेक्षा कशी उभी असते, हे सगळं त्या सात-आठ ओळींत होतं. मी पूर्ण गुण दिले. तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता ते उत्तर पुढे अनेक तुकड्यांना वाचून दाखवलं. प्रत्येक वेळी वर्गातली दोन-चार मुलं ओळखीचं हसायची, कारण त्यांच्याही घरात तीच खोली होती.

आता अनुभव असला की समज आपोआप येते, असं मात्र कुणी समजू नये. अनुभव वाट दाखवतो तसा अडवतोही. वैकल्पिक खर्चाची संकल्पना घ्या. वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे होतात, म्हणून मी तो प्रश्न तिथूनच काढला. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. वेचणीला गेलं तर दिवसाचे ३०० रुपये मिळतील, शेतापर्यंत ऑटोला ४० रुपये लागतील. तर आज कॉलेजला येण्याचा वैकल्पिक खर्च किती? पर्याय चार: शून्य, ४०, २६० आणि ३००. बहुतेक जणींनी शून्य लिहिलं, कारण खिशातून काही गेलं नाही. काहींनी ३०० लिहिलं. २६० लिहिणाऱ्या थोड्या. शून्य लिहिणाऱ्यांमध्ये आदल्या दिवशी वेचणीला जाऊन आलेल्या मुलीही होत्या. खिशातून जातो तोच खर्च, ही समजूत घरात इतकी पक्की असते की हातातून गेलेली मजुरी खर्चात धरायची असते हे सहजी पटत नाही.

या बाबतीत आमच्या मुलींनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. २००५मध्ये पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक परिषदेत असाच प्रश्न विचारला होता. एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचं तिकीट तुम्हाला फुकट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच संध्याकाळी बॉब डिलनची मैफल आहे, तिचं तिकीट ४० डॉलर, आणि तुम्ही तिच्यासाठी ५० डॉलरपर्यंत द्यायला तयार असता. मग क्लॅप्टनला जाण्याचा वैकल्पिक खर्च किती? उत्तर १० डॉलर. चार पर्यायांतून ते बरोबर निवडणारे १९९ जणांपैकी २१.६ टक्के निघाले. डोळे मिटून टिकली मारली असती तरी चौघांत एक बरोबर आला असता. प्रश्नाच्या मांडणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण मला त्यातून एक गोष्ट कळली. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली साधी वाटणारी कल्पना साधी नसते आणि ती पदवीने आपोआप पक्की होत नाही. म्हणून मी तो प्रश्न एकदा विचारून थांबत नाही. वर्षभरात तीन-चारदा, आकडे आणि प्रसंग बदलून, तोच पुन्हा विचारते. दुसऱ्यांदा बरोबर येणं हे बहुतेक आठवणीचं काम असतं. नवा प्रसंग दिल्यावर जे टिकतं ते समजलेलं.

शिकवलेलं किती कळतं, या प्रश्नाचा विचार अमेरिकेत फार आधीपासून झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांना पुढे १९८२मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी १९६३मध्येच अशी शंका मांडली होती की, कॉलेजात अर्थशास्त्राचा पहिला कोर्स केलेला माणूस आणि न केलेला माणूस काही वर्षांनी समोर बसवले, तर त्यांच्यात फारसा फरक दिसणार नाही. त्याच दशकात तिथे प्राथमिक अर्थशास्त्राची समज मोजणारी एक प्रमाणित चाचणी तयार झाली. ती शिकवण्याआधीही घेतात आणि नंतरही. मी माझ्यापुरतं ते लहान प्रमाणात केलं. जूनमध्ये, पुस्तक उघडण्याआधी, दहा प्रश्न. तेच प्रश्न फेब्रुवारीत. मुलं आधीच काय जाणतात आणि माझ्या शिकवण्याने त्यात काय भर पडली, हे दिसू लागलं. काही प्रश्नांवर तर जूनमध्येच मुलं भक्कम होती. आठवडी बाजारात संध्याकाळी भाजी का उतरते, हे त्यांना सांगावं लागत नाही. नाशवंत माल घरी नेऊन काय करणार! तिथे तास घालवायचा नाही, हे कळलं.

उलट निर्देशांकाचं प्रकरण. सूत्र पाठ, आकडेमोड अचूक, उत्तर १२५. मग विचारलं, 'म्हणजे किमती किती वाढल्या?' अर्धा वर्ग म्हणतो १२५ टक्के. आधारवर्षाचे १०० वजा करायचे असतात, हे सूत्रात नसतं, अर्थात असतं. आता मी गणिताच्या खाली नेहमी एक ओळ देते: 'या आकड्याचा अर्थ तुमच्या आईला समजेल असा एका वाक्यात लिहा.' गणिताच्या गुणांइतकेच गुण त्या वाक्याला.

तुरीने मला आणि मुलांना एकदमच धडा दिला. २०१५च्या अखेरीस तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आलं. २०१७च्या सुरुवातीला बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारातला भाव त्याच्याखाली गेला. खरेदी केंद्रांवर रांगा, बारदाना संपलेला, माणसं पोत्यांवर झोपलेली. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये एका तुकडीला मी विचारलं होतं, 'यंदा तूर पेरावी का? सकारण लिहा.' जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं होतं, कारण भाव चांगला आहे. एका मुलाने लिहिलं होतं, 'सगळेच पेरणार, म्हणून मी पेरणार नाही.' बी.ए.च्या पुस्तकात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. निकोलस काल्डोर यांनी हे नाव १९३४मध्ये दिलं. त्या मुलाला नाव माहीत नव्हतं. एकट्याचा निर्णय आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला तोच निर्णय यांचे परिणाम वेगळे असतात, ही अर्थशास्त्रातली गाभ्याची गोष्ट त्याच्या हाती लागली होती. पुढच्या वर्षी मी जुने पेपर कपाटातून काढून वर्गात वाटले. आपलंच भाकीत आणि बाजारातली वस्तुस्थिती शेजारी ठेवून मुलं जे बोलली, तसं बोलणं मला एरवीच्या तासांत ऐकायला मिळालं नाही.

माझ्या कामातली सगळ्यात अवघड जागा हमीभावाची. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. 'असं का होतं?' या प्रश्नाला मुलं 'व्यापारी लुटतात', 'सरकारने भाव द्यायलाच हवा', 'शेतकऱ्याचा खर्चही निघत नाही' असं लिहायची. यातलं एकही वाक्य मला खोडवत नव्हतं. ज्या जिल्ह्यात भाव पडण्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली, तिथल्या मुलाचा राग चूक म्हणून कसा खोडणार? पण प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं, हेही खरं. काय आहे आणि काय असायला हवं, या दोन गोष्टी मुलांच्या लिहिण्यात एकमेकींत मिसळून गेलेल्या असत.

तोडगा साधा निघाला. प्रश्नाचे दोन भाग केले. (अ) बाजारात काय घडत आहे व का, ते लिहा. (ब) काय घडायला हवं असं तुम्हाला वाटतं, कारणांसह लिहा. दोन्हींना समान गुण. मनातलं मांडायला हक्काची जागा मिळाली तशी मुलं (अ) मध्ये शांतपणे लिहू लागली. एकाने लिहिलं: हमीभावाला सरकार घेईल तेवढंच घेतं, बाकी माल व्यापाऱ्याकडे जातो, केंद्रावर बारा टक्के ओलावा लागतो, आमचं सोयाबीन त्याहून ओलं होतं, वाळवायला जागा नव्हती आणि दिवाळीला पैसे हवे होते. आणि याच मुलाचं (ब) मधलं म्हणणं नुसत्या मागणीच्या कितीतरी पुढे गेलं. गावात वाळवणीची आणि साठवणुकीची सोय हवी, तारण कर्ज वेळेवर हवं, केंद्र दिवाळीआधी सुरू व्हायला हवं. कारण कळल्यावर मागणी धारदार होते, हे मी त्या पेपरांत पाहिलं.

बोर्डाचे पेपर तपासताना हे सगळं पणाला लागतं. गठ्ठ्यांना मुदत असते, आदर्श उत्तरपत्रिका समोर असते. त्यातला मुद्दा त्याच शब्दांत सापडला की गुण देणं सोपं. एकदा एका उत्तरपत्रिकेत घटत्या सीमांत उपयोगितेला पाण्याच्या टँकरचं उदाहरण होतं. पहिला हंडा प्यायला, दुसरा स्वयंपाकाला, पुढचे धुण्याला, शेवटचा अंगणात शिंपडायला. आदर्श उत्तरात दुसरंच उदाहरण होतं. मी पूर्ण गुण दिले आणि नियामकांकडे जाऊन कारण सांगितलं. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं, मान डोलावली आणि गुण कायम ठेवले. सध्याच्या बारावीच्या पेपरात उदाहरणावरून संकल्पना ओळखणं, विधानाशी सहमत-असहमत सकारण सांगणं, उताऱ्यावरचे प्रश्न, असे प्रकार आले आहेत. दिशा चांगली आहे. पण गाइडं त्यांचीही तयार उत्तरं छापतात आणि दोन वर्षांत तोही प्रश्न पाठांतराचा होतो. म्हणून स्थानिक प्रश्न दरवर्षी नव्याने काढावा लागतो.

भाषेचीही एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुलं असतात, तांड्यावरून येणारी गोरमाटी बोलणारी असतात, झरी-केळापूरकडच्या पोडांवरून आलेली कोलामी बोलणारी असतात. 'प्रमाणबद्धता', 'विक्रेयता' असे शब्द सगळ्यांनाच परके. एका कोलाम मुलाला लेखी चाचणीत फार कमी गुण होते. वीस गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षेला त्याला विचारलं, 'मोहफुलाला भाव येऊनही तुझ्या गावाला जास्त पैसे का मिळत नाहीत?' तो म्हणाला, 'घेणारा एकच येते मॅडम. तो म्हणन तोच भाव.' बाजारात विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकच असला म्हणजे काय होतं, हे त्याने दोन वाक्यांत सांगितलं. तोंडी परीक्षा अनेक ठिकाणी सह्यांपुरती उरते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण लेखी पेपरात हरवलेली मुलं सापडण्याची तीच एक जागा आहे.

नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक विचारतात की सुरुवात कुठून करावी. मी तीन गोष्टी सांगते. मुलांची चुकीची उत्तरं जपून ठेवा. बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय त्यांतूनच घ्या, म्हणजे कोणता मुलगा कुठे अडकलाय ते टिकलीवरूनही कळेल. प्रत्येक उत्तराखाली 'कशावरून?' एवढा एक शब्द वाढवा आणि त्याला गुण ठेवा. आणि प्रत्येक चाचणीत निदान एक प्रश्न असा घाला, ज्याचं उत्तर कुठल्याच गाइडात नाही, कारण ती गोष्ट मागच्या आठवड्यात तुमच्याच तालुक्यात घडली आहे. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरं. वर्ग मोठे आहेत, कामं पुष्कळ आहेत, तेही खरं. तरी हा वेळ काढावा.

यातली बरीच मुलं बारावीनंतर अर्थशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडणार नाहीत. पण त्यांना पीक निवडायचं आहे, पीककर्जाच्या कागदावर सही करायची आहे, कापूस आज काढायचा की थांबायचं हे ठरवायचं आहे, आणि सभेत कुणी भावाबद्दल आश्वासन दिलं तर त्याला नेमका प्रश्न विचारायचा आहे. ती परीक्षा कुठलंही मंडळ घेत नाही आणि तिला पुरवणी परीक्षाही नसते. तिच्यात मुलांना उपयोगी पडेल असाच प्रश्न आमच्या पेपरात असायला हवा, एवढाच माझा आग्रह आहे.